आधी हात, मग पासपोर्ट

पप्पा, तुमचा पोरगा निवृत्त झाला. त्यालाही आता काही वर्षं झाली, पण तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा त्याचं काही खरं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मोठ्या क्लबने त्याला विकून टाकलं होतं आणि नव्या क्लबात तो नुसता बाकावर बसून असायचा. संपला हा, असं तिकडचे पेपर लिहीत होते, आणि तुम्ही कोल्हापुरातल्या पुढच्या खोलीत खांद्यावर टॉवेल टाकून मला फोनवर सांगत होता की बघ तू, येतोय की नाही परत. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्हीच गेलात. म्हणजे या गोष्टीचा पुढचा अर्धा भाग तुम्हाला माहीतच नाही. तो सांगायला बसले आहे. शारजातलं घर आवरायला काढलंय, निम्मी खोकी भरून भिंतीला लावलीत, उरलेली तोंड वासून पडलीत, आणि मी त्यांच्यामध्ये बसून तुम्हाला फुटबॉलच्या बातम्या लिहितेय. आईने बघितलं तर म्हणेल, बापाचीच लेक.

नाव मी लिहीत नाही, कारण तुम्हीही ते कधी घेतलं नाहीत. आपल्या घरात तो 'पोरगा' होता. मी बारावीत असताना, एका शनिवारी संध्याकाळी, तो पहिल्यांदा टीव्हीवर दिसला. धुराड्यांच्या कुठल्याशा गावातला क्लब, अंगापेक्षा मोठा शर्ट, कान बाहेर आलेले. शेवटच्या काही मिनिटांसाठी त्याला आत घेतलं आणि त्याने लांबून असा फटका मारला की गोलकीपर हललासुद्धा नाही. तुम्ही भडंगाची वाटी खाली ठेवून उभे राहिलात. समालोचकाने त्याचं वय सांगितलं, आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, तुझ्या वयाचा हाय." मी पुस्तकात तोंड घालून बसलेली, अकाउंट्सची परीक्षा तोंडावर आलेली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, देवाने पोरगा दिला नाही म्हणून आता इंग्लंडचा दत्तक घ्या. तुम्हाला राग यायचा सोडून ते आवडलं. तेव्हापासून त्याचे गोल घरातल्या मुलाच्या मार्कांसारखे सांगितले जायला लागले आणि माझे मार्क कोपऱ्यात पडले. मला त्याचा हेवा वाटायचा. ज्याला माझं नावही माहीत नाही अशा माणसाचा.

तुम्ही स्वतः फॉरवर्ड. तालमीच्या संघातून खेळलेले, आणि कोल्हापुरात पेठापेठांमधलं फुटबॉलचं वैर म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमचा गुडघा गेला ती मॅच तुम्ही मला किती वेळा सांगितली असेल. तुम्हाला दोघांनी धरून बाहेर आणलं, आणि तुमच्या तालमीतलं कुणी तुमच्याकडे बघेना, कारण तुमच्याशिवाय मॅच हातची जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात वैरी पेठेचा गोलकीपर आपली जागा सोडून अर्धं मैदान ओलांडून आला, तुमचा हात हातात घेतला आणि परत गेला. तो त्याच्या लोकांच्या शिव्या खाऊन गेला असणार. तुम्ही म्हणायचा, गोल आता आठवत नाहीत, तो हात आठवतो. मी लहानपणी ही गोष्ट ऐकताना जांभया द्यायची. ऑफसाइड समजावायला तुम्ही टीपॉयवर शेंगदाणे मांडले होते तेव्हाही मी कळलं कळलं म्हणून उठले, आणि खरं सांगायचं तर ते मला आजही धड कळत नाही.

पण तो हात तुम्ही इथे वाळवंटात घेऊन आलात. हमरिया फ्री झोनमधल्या त्या पाइपांच्या कंपनीत तुम्ही पर्सोनेल मॅनेजर होता. त्या काळी कामगारांचे पासपोर्ट कंपन्या कपाटात ठेवायच्या, आणि कुणाचा व्हिसा रद्द झाला की कंपनीचा माणूस बरोबर विमानतळावर जाऊन, दारात पोचल्यावर पासपोर्ट त्याच्या हातात ठेवायचा. माणूस मध्येच कुठे पळून जाऊ नये म्हणून ही पद्धत. हे काम खरं तर पीआरओचं, म्हणजे व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचं. तुम्ही ते स्वतःकडे घेतलंत. एकदा मी सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर गाडीत होते. मागच्या सीटवर केरळचा एक वेल्डर, मांडीवर बॅग घेऊन. तोही फुटबॉलवेडा निघाला. अजमानपासून शारजा विमानतळापर्यंत तुम्ही दोघं पोरग्याच्या डाव्या पायाबद्दल बोलत होता, तुमची हिंदी कोल्हापुरी आणि त्याची मल्याळी. विमानतळावर उतरल्यावर तुम्ही आधी हात पुढे केलात, त्याचा हात नीट दोन्ही हातांत धरलात, आणि मगच खिशातून पासपोर्ट काढलात. परत येताना मी विचारलं, तर म्हणालात की पासपोर्ट आधी दिला की माणसाचा हात अडकतो आणि त्याचं सगळं लक्ष त्या पुस्तकात जातं. म्हणून आधी हात, मग पासपोर्ट.

मग दोन हजार आठ आलं. मी तोवर पुण्याहून शिकून परत आले होते आणि बर दुबईत एका इंटिरियरवाल्यांच्या ऑफिसात हिशेब बघत होते. आपल्या बिल्डिंगसमोरचं बांधकाम एका सकाळी थांबलं आणि क्रेन तशीच मान वाकडी करून उभी राहिली. सुपरमार्केटच्या फळ्यावर सोफा, फ्रिज, पाळणा विकायच्या चिठ्ठ्या एकावर एक टाचलेल्या, सगळ्यांवर एकच, 'लीव्हिंग कंट्री'. तुमच्याकडे माणसं कमी करायचे हुकूम यायला लागले. तुम्ही प्रत्येकाला केबिनमध्ये बोलवायचा, टेबलामागून उठून पुढे यायचा, उभ्याने सांगायचा, हात मिळवायचा, गेटपर्यंत जायचा. महिनोन् महिने हेच काम. घरी आलात की हात धुवायला बेसिनपाशी खूप वेळ उभे राहायचा. जेवण कमी झालं. आई म्हणायची, अहो, तुम्ही थोडीच काढताय त्यांना. तुम्ही म्हणायचा, तोंड तर माझंच दिसतंय नव्हं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला काढलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन सांगितलं, तर तुमचा पहिला प्रश्न, तुमच्यातलं कोण उठलं का. मी म्हटलं, सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते. तुम्ही ताट सरकवलंत आणि उठलात.

तोवर मोठ्या क्लबात गेलेल्या पोरग्याचंही त्याच हंगामात बिनसलं होतं. गोल होत नव्हते, वजन वाढलं होतं, गुडघा सुजत होता. एका मॅचमध्ये मॅनेजरने त्याला अर्ध्यातून बाहेर बोलावलं. त्याने मॅनेजरच्या पुढे आलेल्या हाताकडे बघितलंही नाही, पाण्याच्या बाटलीला लाथ मारली आणि तडक आत निघून गेला. तुम्ही रिमोट उचलून टीव्ही बंद केलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मॅच चालू असताना. मी म्हटलं, पप्पा, वाईट वाटलं असेल त्याला, इतका मोठा खेळाडू आहे. तेव्हा तुम्ही माझ्यावर जे उखडलात ते मला अजून ऐकू येतं. "गोल कोण बी मारतंय. भाईर कसं यायचं ते शिकायला लागतंय." घरात तुम्ही असं कोल्हापुरी बोललात की मामला गंभीर असायचा. मला लागलं ते. लाथ त्याने मारली आणि बोलणी मी खाल्ली, त्याच्या वयाची असल्याची शिक्षा. पण आठ दिवसांनी सरावात त्याचा गुडघा फिरला, स्ट्रेचरवरून नेतानाची दृश्यं दाखवली, आणि तुम्ही स्वतःचा गुडघा चोळत खोलीत येरझारा घालायला लागलात. राग बिग सगळं खलास.

तुमचा स्वतःचा दिवस रविवारचा होता. विकेंड संपवून तुम्ही नेहमीसारखे हमरियाला गेलात आणि गेटवर तुमचं कार्ड चालेना. पठाण वॉचमन, ज्याच्या भावाच्या नोकरीसाठी तुम्ही धावपळ केली होती, तो म्हणाला, "साब, आपका नाम सिस्टम में नहीं आ रहा." त्याने तुम्हाला त्याच्या सावलीतली खुर्ची दिली. तुम्ही आत फोन लावलात. जनरल मॅनेजर मीटिंगमध्ये, फायनान्सवाला मीटिंगमध्ये. थोड्या वेळाने ड्रायव्हर तुमचं सामान खोक्यात घालून गेटवर घेऊन आला. तुमचा चष्मा, पाण्याची बाटली, पोरग्याच्या पहिल्या क्लबचा मग. पत्र ईमेलने आलं होतं, ते तुम्ही घरी येऊन उघडलंत. ज्यांच्या वतीने तुम्ही इतक्या माणसांना उठून उभं राहून निरोप दिला होता, त्यांच्यातलं एकही माणूस त्या गेटपर्यंत आलं नाही. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला त्या ड्रायव्हरने पुढे कधीतरी सांगितलं. घरात तुम्ही एवढंच म्हणालात की आज लवकर सुटलो, आणि आईने चहा टाकला.

लोक म्हणाले, अबुधाबीत अजून कामं चालू आहेत, तिकडे बघा. तुम्ही बसने अबुधाबीला दोनदा जाऊन आलात, इस्त्रीचा शर्ट, फाइल छातीशी धरून. साठीला आलेल्या माणसाला कोण घेणार? शेवटी आई पुढे गेली, कोल्हापुरातलं घर उघडायला, आणि मागून तुम्ही. मी तुम्हाला शारजा विमानतळावर सोडायला आले. भर दुपार, ऊन असं की गाडीचं हँडल धरवत नव्हतं. कंपनीकडून पासपोर्ट यायचा होता. नवीन पीआरओ, माझ्याहून लहान असेल, आपल्या गाडीशेजारी चुकीच्या जागी गाडी लावून धावत आला. तुम्ही खिडकीतून हात पुढे केलात. त्याने त्या हातात पासपोर्टचं पाकीट ठेवलं, म्हणाला, "ओके अंकल, इन्शाल्ला फिर मिलेंगे, पार्किंग नहीं है," आणि गेला. तुम्ही पाकिटाकडे बघत राहिलात. मी मागच्या गाड्यांच्या हॉर्नला घाबरून यल्ला यल्ला, चला चला म्हणत तुमच्या बॅगा काढायला लागले.

दारापाशी आपण ट्रॉली थांबवली. तुम्ही पाकीट डाव्या हातात घेतलंत आणि उजवा हात माझ्यापुढे केलात. मला काय वाटलं सांगू? वाटलं, तुम्ही पाण्याची बाटली मागताय. ती मी ट्रॉलीत ठेवली आणि वाकले. प्रवासाला निघालेल्या मोठ्या माणसाला वाकून नमस्कार करायचा, एवढंच मला शिकवलेलं. बापाशी कोण हात मिळवतं? माझं डोकं तुमच्या बुटांपाशी आणि तुमचा हात वर तसाच. मग तो माझ्या केसांवर आला. तुम्ही बरं बरं म्हणालात, सुखी राहा म्हणालात, आणि आत गेलात. काचेपलीकडे तुम्ही एकदा उजवा हात पँटला पुसलात, घाम आला असेल असं मला वाटलं. गाडीत बसून मी रडले, ते तुम्ही जाताय म्हणून. दुसरं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं.

कोल्हापुरात तुम्ही फार दिवस काढले नाहीत. मैदानावर जायचा म्हणे, पण पायरीवर बसून परत यायचा. नवीन पोरांना तुम्ही कोण ते माहीत नव्हतं. फोनवर पोरग्याचं विचारायचा, कारण तिथे त्याच्या मॅचेस लागत नव्हत्या, आणि मी नेटवर बघून सांगायची की आजही बाकावरच. एका सकाळी आईचा फोन आला. मी मिळेल त्या विमानाने निघाले, मुंबईहून गाडी केली. तुम्हाला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, टीव्ही बाजूला सरकवून. सगळे वाट बघत होते. मी आले आणि पायांवर डोकं ठेवलं.

आता बातमी. तुमचा अंदाज खरा ठरला, पण तुम्हाला वाटला होता तसा नाही. तो परत आला, पण ज्या मोठ्या क्लबने विकला होता तिथे नाही, तर धुराड्यांच्या त्या गावातल्या पहिल्या क्लबात. क्लब तोवर खालच्या विभागात घसरला होता. पळणं कमी झालं होतं, म्हणून त्याला पुढून मागे, मधल्या फळीत आणला. जो पोरगा एकट्याने चेंडू घेऊन सुटायचा, तो आता दुसऱ्यांना चेंडू पुरवायला लागला. तुम्हाला ते सहन झालं नसतं आधी, मग आवडलं असतं. इंग्लंडच्या संघात त्याला पुन्हा कधी घेतलं नाही. विश्वचषक नाही, काही नाही. त्याने त्या क्लबाला वर चढवलं, एक हंगाम वर टिकवलं, मग क्लब परत खाली आला. डोक्यावरचे केस गेले. बाटलीला लाथ पुन्हा कधी मारली नाही. मी सगळं बघत होते. लग्न झालं, आपल्याच जुन्या बिल्डिंगजवळ घर घेतलं भाड्याने, मुलगी झाली, समोरची क्रेन एक दिवस निघाली आणि इमारत पुरी झाली. शनिवारी संध्याकाळी मी भडंगाची वाटी घेऊन बसायची आणि मला न आवडणारा खेळ बघायची. ह्यांना वाटतं मला वेड आहे. कुणीतरी बघायला हवं होतं, म्हणून मी बघत होते.

त्याची शेवटची मॅच होती त्या दिवशी घरात मी आणि मुलगी दोघीच. हरत होते. संपायच्या थोडं आधी बाजूला पाटी वर गेली, तिच्यावर त्याचा नंबर. तो थांबला. सगळं मैदान उभं राहिलं. मला वाटलं आता हात हलवून जाईल. तो गेला नाही. आधी समोरच्या संघाच्या बचावपटूकडे गेला, ज्याने त्याला मॅचभर पाडलं होतं, आणि हात मिळवला. मग पंच, मग स्वतःचे सगळे. समोरचा गोलकीपर आपली जागा सोडून अर्धं मैदान ओलांडून आला. पप्पा, मी खरं सांगतेय, अर्धं मैदान ओलांडून आला. आणि पोरग्याने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. तेव्हा मला विमानतळाचं ते दार दिसलं. बाटली मागायला नव्हता केलेला तुम्ही तो हात. गेटवर कुणी आलं नव्हतं, पाकीट देणाऱ्याला वेळ नव्हता, आणि आता बाहेर पडताना मैदानावर उरलेली एकटी मी होते. अख्खी कंपनी तुम्ही हात मिळवून बाहेर काढलीत आणि तुमच्या वेळी एकच हात समोर होता, तो तुमच्या बुटांना लागला.

मुलगी घाबरली. म्हणाली, "मम्मा, व्हाय आर यू क्राइंग? इट्स जस्ट अ सबस्टिट्यूशन." तुम्हाला पुढच्या खोलीत ठेवलं होतं तेही आठवलं. उजवा हात चादरीच्या बाहेर होता, कुणीतरी त्यात तुळस ठेवली होती. तेव्हाही मी पायच धरले.

आता आमची पाळी. ह्यांना पुण्यात काम मिळालंय, पुढच्या महिन्यात आम्ही जातोय. इथे जन्म गेला तरी शेवटी सगळ्यांनाच बाहेर यावं लागतं, हे तुम्ही पहिल्यापासून सांगायचा. परवा मुलीला घेऊन बर दुबईला जाऊन आले, देवळात गेले, अब्रा बोटीतून खाडी ओलांडली, जशी तुम्ही आम्हाला शुक्रवारी न्यायचा. नाववाला उतरताना हात द्यायला पुढे झाला तर मी तो उगाच जास्त वेळ धरून ठेवला. त्या मॅचनंतर मी कुणालाच वाकून नमस्कार करत नाही. हात पुढे करते. कोल्हापुरात आत्या म्हणते, दुबईचं वारं लागलं हिला. म्हणू दे.

हे पत्र आईला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचवणारं कुणी नाही. खोक्यात इतर कागदांखाली जाईल आणि पुण्यात कुठल्या तरी माळ्यावर पडेल. पण मागच्या दिवाळीचं एक सांगायचं आहे. कोल्हापुरात पुढच्या खोलीत तुमचा फोटो आहे, टीव्हीच्या वर. सगळे त्याला नमस्कार करून फराळाला आत गेले तेव्हा मी मागे थांबले आणि उजवा तळहात काचेवर ठेवला, बराच वेळ. काच गार होती. संध्याकाळी दिवा लावताना आईला ते ठसे दिसले. पदराने पुसत तिने विचारलं, फोटोला हात कुणी लावला गं? मी मुलीचं नाव सांगितलं.